हेन हॅरियरची नोंद अजून ‘अनकन्फर्म्ड’: रिव्ह्यूअरशी किती सबुरीने घ्यायचं?

माळावरची

वैतागून लिहितेय, सूर चढा लागला तर सांभाळून घ्या.

थंडी सरत असताना गवताळ माळावर हॅरियर हे शिकारी पक्षी रातथाऱ्याला उतरतात ते बघत बसले होते. नेहमीच्या पॅलिड होत्या, माँटेग्यूज होत्या. त्यांत एक रिंगटेल (मादी किंवा पिल्लाच्या तपकिरी पिसाऱ्यातली) वेगळी वाटली. अंगाने भरलेली, पंख रुंद, उडणं जरा जड. हेन हॅरियर म्हणून ई-बर्डवर, पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या त्या ॲपवर, टाकली. ॲपने लगेच ‘दुर्मिळ’ अशी खूण करून तपशील मागितला. मी लिहिलं: “मोठी हॅरियर, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा स्पष्ट, शेपटीवर आडवे पट्टे, छातीवर रेघा. खात्री आहे.” सोबत दोन फोटो, लांबचे पण ओळखू येण्यासारखे.

चार-पाच दिवसांनी मेल. “आपल्या नोंदीबद्दल धन्यवाद. आपणास या ओळखीची खात्री आहे का? इतर सारख्या दिसणाऱ्या जाती कशा वगळल्या ते कृपया कळवावे.” बस. बँकेतून केवायसीचं पत्र यावं तसं. मी उत्तर दिलं की मी कितीतरी हिवाळे हाच पक्षी बघत आलेय, पॅलिड मला झोपेतही ओळखता येते. त्यावर आजतागायत चकार शब्द नाही आणि नोंद तशीच लटकलेली.

त्याच चेकलिस्टमधल्या (त्या फेरीच्या यादीतल्या) ४००० भोरड्यांनाही खूण लागली. “कशा मोजल्या?” आता काय एकेकीचं डोकं मोजून दाखवू?

हे रिव्ह्यूअर नेमके कोण असतात, त्यांना हा अधिकार कोणी दिला, आणि माणसाने किती धीर धरायचा? नोंद उडवून टाकावी असं रोज मनात येतं.

जुनी_दुर्बीण

ताई, मनावर घेऊ नका. मला तर तीन वर्षांपूर्वीच्या नोंदीबद्दल आत्ता मेल आला. तेव्हा मंजूर होती, आता म्हणे पुन्हा तपासतोय. मी उत्तरच दिलं नाही. लाइफ लिस्टमध्ये (आयुष्यात पाहिलेल्या जातींच्या यादीत) आहे ना, मग झालं. आपण पक्षी बघायला जातो, परीक्षा द्यायला नाही.

पाणथळ

मी रिव्ह्यूअर आहे. तुमच्या भागाचा नाही, त्यामुळे ही नोंद माझ्यासमोर आलेली नाही आणि तिच्यावर मी शिक्का मारू शकत नाही. पण त्या मेलच्या पलीकडे कोण बसलेलं असतं ते सांगू शकतो.

ई-बर्ड २००२ साली अमेरिकेत कॉर्नेलची पक्षीप्रयोगशाळा आणि नॅशनल ऑडुबॉन सोसायटी यांनी सुरू केलं, २०१० पासून ते जगभर खुलं झालं. २०२१ मध्येच नोंदींचा आकडा १०० कोटींवर गेला. इतक्या नोंदी माणसं वाचत नाहीत, वाचूच शकत नाहीत. पहिली चाळणी यंत्राची असते. प्रत्येक भागासाठी, प्रत्येक जातीसाठी, वर्षाच्या त्या त्या काळासाठी एक कमाल आकडा ठरवलेला असतो. त्याच्या वर गेलात की खूण. जो पक्षी तिथे सहसा येतच नाही त्याचा आकडा शून्य, म्हणून एकच हेन हॅरियर टाकली तरी खूण. यात तुमच्यावर कोणीही संशय घेतलेला नसतो. यंत्राला तुमचं नाव बघायचं कामच नाही, मी स्वतः टाकली असती तरी तेच झालं असतं. (माझ्या स्वतःच्या खूण लागलेल्या नोंदी मी दुसऱ्या रिव्ह्यूअरकडे सोडतो. आपल्याच पोराचा पेपर आपण तपासू नये.)

खूण लागलेल्या नोंदी आमच्या रांगेत येतात. आम्हाला पगार नाही, मानधन नाही. कोणी शिक्षक आहे, कोणी दवाखाना चालवतं, कोणी माझ्यासारखा दिवसभर हिशेब करून रात्री जेवणानंतर लॅपटॉप उघडतो. समोर काय दिसतं? जातीचं नाव, आकडा, तारीख, वेळ, ठिकाण, आणि तुमची कमेंट. तुमच्या डोळ्यांनी जे पाहिलं ते मला दिसत नाही. तिथली गार हवा, पक्ष्याने घेतलेलं वळण, शेजारून गेलेल्या पॅलिडशी तुम्ही मनातल्या मनात केलेली तुलना, यातलं काहीही त्या चौकटीत येत नाही, जोवर तुम्ही ते लिहीत नाही.

आता तुमची कमेंट परत वाचा. शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा हेनला असतो, पॅलिडला असतो, माँटेग्यूजलाही असतो. शेपटीवरचे आडवे पट्टे तिघींच्या रिंगटेलना असतात. छातीवरच्या रेघा तिघींच्या प्रौढ माद्यांना असतात. ‘मोठी’ हे खरं असू शकतं, पण संध्याकाळच्या तिरप्या उजेडात, लांबून, शेजारी पॅलिडचा बारकासा नर असेल तर पॅलिडची मादीही मोठी दिसते. म्हणजे तुम्ही लिहिलेली एकही खूण चुकीची नाही, पण त्यातली एकही हेनची एकटीची नाही. उरलं “खात्री आहे”. ती तुमची खात्री आहे, तिचं मी काय करू?

रिव्ह्यूअरला बहुधा हे हवं असणार: पंख पूर्ण पसरलेला असताना टोकाला बोटांसारखी सुटी दिसणारी पिसं किती? हेनला पाच, पॅलिड आणि माँटेग्यूजला चार. पंखाचं टोक हेनचं गोलसर आणि रुंद, बाकी दोघींचं निमुळतं. मात्र तरंगत असताना सगळ्यांचेच पंख मागे ओढलेले आणि टोकदार दिसतात, म्हणून पक्षी वर चढताना किंवा उतरण्यासाठी वेग कमी करताना काय दिसलं ते महत्त्वाचं. आणि मानेवर फिकट पट्टा होता का? तो ठसठशीत असेल, त्याच्या मागे मान गडद असेल आणि पोटावर रेघा नसून सलग तांबूस रंग असेल, तर पॅलिडचं पिल्लू आधी डोक्यात येतं. तुम्ही रेघा लिहिल्यात ते बरं केलंत, त्यामुळे पॅलिड आणि माँटेग्यूजची पहिल्या वर्षाची पिल्लं बाजूला पडतात. हे मेलमध्ये लिहिलं असतंत तर पलीकडचा माणूस तिथेच अर्ध्या वाटेवर आला असता.

“कितीतरी हिवाळे बघतेय” याबद्दलही बोलतो. राग मानू नका, ही गोष्ट तुमच्यासाठी नाही, आमच्या सगळ्यांसाठी आहे. रानपिंगळा आठवा, आपल्याकडचं ते दुर्मिळ छोटं घुबड. ह्यूमने १८७३ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि खरा म्हणता येईल असा शेवटचा नमुना (संग्रहासाठी जतन केलेला पक्षी) १८८४ चा, डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेला. त्यानंतर एकच नमुना होता, कर्नल माइनर्ट्‌झहागनचा. गुजरातेत मांडवीला १९१४ मध्ये मिळवला अशी चिठ्ठी त्यावर होती. माणूस मोठा, लष्करातला, पक्षीशास्त्रात दबदबा असलेला. त्याच्या चिठ्ठीवर शंका कोण घेणार? पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीशास्त्रज्ञांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा कळलं की तो संग्रहालयातून चोरलेला जुना नमुना होता, पुन्हा भरून, खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला. ती चिठ्ठी बाजूला सारून, फक्त खऱ्या नमुन्यांची ठिकाणं धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हिंडले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला रानपिंगळा जिवंत सापडला. ११३ वर्षांनी. ती चिठ्ठी खरी धरून नकाशा केला असता तर शोध भलतीकडेच गेला असता.

तुम्ही खोटं लिहिताय असं मी म्हणत नाहीये, कोणीच म्हणत नाहीये. माझं म्हणणं एवढंच की नाव कितीही मोठं असलं तरी नोंदीला स्वतःचे पाय लागतात. उद्या तुमची हेन हॅरियर नकाशावर दिसली तर कोणीतरी ती धरून इथवर हेन येतात असं लिहील. त्या माणसाला तुम्ही भेटणार नाही, मीही भेटणार नाही. त्याच्या हातात तुमची कमेंट असेल, एवढंच.

‘अनकन्फर्म्ड’बद्दल गैरसमज फार आहेत. ती नोंद खोटी ठरवलेली नसते. तुमच्या यादीत ती राहते. मी ती पुसू शकत नाही, जात बदलू शकत नाही, आकड्यातला एक शून्यही कमी करू शकत नाही. हे फक्त तुम्हीच करू शकता. मी एवढंच ठरवतो की ती सार्वजनिक नकाशावर आणि संशोधकांना मिळणाऱ्या तपासलेल्या संचात जावी की नाही. न गेलेल्या नोंदींचाही वेगळा संच असतो, तोही मागता येतो. म्हणून कृपा करून नोंद उडवू नका. चांगल्या वर्णनासह पडून राहिलेली नोंद दहा वर्षांनीसुद्धा पुन्हा उघडता येते. उडवलेली नाही.

जुनी_दुर्बीण, तुमचं प्रकरणही याच जातीचं. ओळख पटवण्याबद्दल नवं काही कळलं, किंवा एका जातीच्या दोन झाल्या, की यंत्राची चाळणी बदलते आणि जुन्या नोंदी परत वर येतात. २०२४ मध्ये गव्हाणी घुबडाच्या तीन जाती झाल्या, तेव्हा जगभरच्या जुन्या नोंदी हलल्या. रिव्ह्यूअरने तुमचं नाव शोधून काढलेलं नाही.

कुरव

पाणथळ, सगळं पटलं. पण हे तुम्ही इथे इतकं सविस्तर लिहिलंत, आणि ताईंना मिळाला तो दोन ओळींचा सरकारी मेल. “खात्री आहे का?” हे विचारणंच चूक आहे. त्याचं उत्तर “हो” एवढंच येणार! पॅलिडची शंका आहे, पिसं मोजली का, इतकं थेट लिहायला कितीसा वेळ लागतो? शिवाय उत्तर दिल्यावर गप्प बसणं. ताईंनी सबुरी ठेवावी हे ठीक, पण समोरच्याला हे तरी कळायला हवं की आपली नोंद वाचली गेली, की अजून रांगेतच आहे, की नाकारली गेली. मी स्वतः अशाच एका प्रकारानंतर वर्षभर काही टाकलं नव्हतं. माझ्या नोंदी काही फार मोलाच्या होत्या असं नाही, पण त्या परिसरात दुसरं कोणी टाकतही नव्हतं.

पाणथळ

कुरव, यातलं बरंचसं मान्य. तो मेल साचातला असतो, प्रणालीतच तयार मिळतो. रांग लांब असली की माणूस तोच पाठवतो. फेब्रुवारीतली ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट किंवा मे महिन्यातला ग्लोबल बिग डे, अशी जगभरची पक्षीगणना झाली की पुढचे कित्येक आठवडे रांग हलता हलत नाही. त्यात हौशी मंडळी ज्या कमेंट लिहितात त्या वाचल्यात तर तुम्हालाही साचा आठवेल. “नीट पाहिला.” “मित्राने सांगितलं.” “मर्लिनने ओळखलं.” या शेवटच्याने तर आमचे केस पांढरे केलेत. मर्लिन हे पक्षी ओळखून देणारं ॲप, त्याची आवाज ओळखायची सोय २०२१ मध्ये आली, छान आहे, मीही वापरतो. पण भृंगराज एका फांदीवर बसून भलभलत्या पक्ष्यांच्या नकला करतो आणि मर्लिन बिचारं एकेकाचं नाव दाखवत जातं. मग एकाच जागी, दहा मिनिटांत, कोणी बघितलेले नाहीत असे शिकारी पक्षी चेकलिस्टमध्ये येतात. त्या सगळ्यांना मेल मलाच करायचे असतात.

तरी साच्याखाली स्वतःची एक ओळ लिहावी, हे मीही नव्या रिव्ह्यूअरना सांगतो. कोणत्या जातीची शंका आहे ती लिहावी. मी लिहितो. सगळे लिहीत नाहीत, आणि त्याने माणसं दुखावतात हे खरं आहे. गप्प राहण्याचं मात्र मी समर्थन करणार नाही. एवढंच सांगतो की बहुतेक वेळा त्यामागे ‘नाही’ नसतं. उत्तर वाचून माणूस ठरवू शकलेला नसतो, दुसऱ्या कोणाला फोटो दाखवलेला असतो, आणि ते तिथेच अडकतं.

निवडुंग

एवढा व्याप कशाला, आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर टाका, तिथे लोकच ओळखून देतात.

पाणथळ

तिथेही दोन-तृतीयांशांहून जास्त लोकांचं एकमत लागतं, आणि फोटोत पाचवं पीस दिसत नसेल तर ते तिथल्यांनाही दिसणार नाही. पण टाकायला हरकत काहीच नाही, हॅरियर बघणारे चांगले लोक तिथे आहेत. फक्त एक करू नका: व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून बारा जणांकडून “हेनच!” वदवून घ्यायचं आणि तो स्क्रीनशॉट रिव्ह्यूअरला पाठवायचा. मला असे आलेले आहेत. त्यातल्या एकात अकरा अंगठे होते आणि फोटो घारीचा होता.

माळावरची

घारीचं वाचून हसले, म्हणजे राग थोडा उतरला असावा.

वही काढून बघितली. त्या संध्याकाळची माझी टिपणं अशी: “रुंद पंख, हात (पंखाचा बाहेरचा भाग) जाड दिसतो, उतरताना शेपूट पूर्ण पसरली, मानेवर पट्टा नाही किंवा फार पुसट, चेहरा घुबडासारखा, पोटावर रेघा दाट.” पिसांचा आकडा लिहिलेला नाही. आता आठवून पाच म्हणणं मला पटत नाही, म्हणून म्हणणार नाही. पण फोटो बघताना एक तिसरी फ्रेम सापडली, ती मी टाकलीच नव्हती कारण पक्षी पाठमोरा आहे आणि अर्धा गवतात. उजवा पंख मात्र वर पूर्ण उघडलेला आहे. संगणकावर मोठा करून बघितला तर पिसं सुटी दिसतात. मी किती मोजली ते मुद्दाम सांगत नाही.

आणि एक. “खात्री आहे का” हा प्रश्न मला अजूनही खटकतो. कुरव म्हणतात ते बरोबर आहे.

पाणथळ

खटकू दे, तो प्रश्न चांगला नाहीच.

ती तिसरी फ्रेम म्हणजे सगळ्यात कामाची, आणि नेमकी तीच लोक टाकत नाहीत. पक्षी सुंदर दिसतो तो फोटो टाकतात. आम्हाला कुरूप फोटो चालतो, पिसं दिसली की झालं. मूळ फाइल टाका, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली नको, तिच्यात बारीक तपशील पुसले जातात. कापून मोठा केलेला आणि न कापलेला, दोन्ही टाका. रंग, उजेड यांच्याशी खेळू नका.

कमेंटमध्ये वहीतलं जसंच्या तसं उतरवा, आणि “हे त्याच संध्याकाळी लिहिलेलं टिपण” असं वर लिहा. नंतर पुस्तक बघून लिहिलेलं वर्णन आणि पक्षी समोर असताना लिहिलेलं, यांत फरक लगेच कळतो. पुस्तकातल्या वर्णनात सगळ्याच खुणा असतात, माळावर कधीच सगळ्या दिसत नाहीत. “पिसं मोजली नाहीत, फोटोवरून बघावीत” असंही लिहा. जे दिसलं नाही ते लिहिणाऱ्याची नोंद मी जास्त विश्वासाने वाचतो.

अंतर किती होतं, उजेड कुठून होता, किती वेळ बघितलं, शेजारी पॅलिड उडत होती का, हे एका ओळीत. पॅलिड शेजारी असेल तर ‘मोठी’ला वजन येतं, आधी नव्हतं.

मग रिव्ह्यूअरला एकच मेल: चेकलिस्टचा दुवा, “वर्णन आणि एक फोटो नव्याने जोडला आहे, पॅलिडची शंका असेल तर तिसरा फोटो बघावा.” त्यानंतर काही आठवडे थांबा. तरी उत्तर नाही आलं तर पुन्हा एकदा लिहा, त्यात गैर काही नाही. आम्हाला आठवण करून दिलेली लागते, आम्ही विसरतो. फोटोतूनही निश्चित होत नसेल तर नोंद आहे तशी ठेवायची की नुसतं ‘हॅरियर’ करायची हे तुम्ही ठरवा. मी असतो तर ठेवली असती.

भोरड्यांचं सोपं आहे. रिव्ह्यूअरला भीती असते ती जास्तीच्या शून्याची. ४०० लिहायचे ४००० झाले असं फोनवर बोट घसरून रोज होतं. कशा मोजल्या एवढंच लिहा.

माळावरची

शंभरांचा एक पुंजका डोळ्यांनी ठरवला आणि थव्यावर तेवढे पुंजके किती बसतात ते मोजले, दोनदा. एकदा ३८०० आले, एकदा ४३००. म्हणून ४०००.

पाणथळ

हेच, याच शब्दांत लिहा.

जुनी_दुर्बीण

बरं, मी त्या जुन्या मेलला उत्तर द्यावं म्हणता? फोटो नाही माझ्याकडे. वर्णन आहे वहीत, तेही तुटक.

पाणथळ

द्या. तुटकच द्या. “एवढंच लिहिलेलं आहे” असं म्हणून पाठवा.

माळावरची

तिसरा फोटो टाकला, वही उतरवली, भोरड्यांचं लिहिलं, मेल पाठवला. “खात्री आहे” ही ओळ काढून टाकली, ती तशीही कोणाच्या उपयोगाची नव्हती.

कुरव

उत्तर आलं की इथे कळवा ताई. पॅलिड निघाली तरी कळवा.

माळावरची

कळवीन. पण निघणार नाही. हेनच आहे ती.